एकतीस हरकती

९ जानेवारी

धाकट्या, आशीर्वाद घे, आणि हे पत्र बसून वाच. उभ्या-उभ्या वाचून खिशात कोंबू नकोस.

काल आमच्या आळीच्या तोंडाशी नगरपालिकेच्या माणसांनी खांब रोवला, वर निळी पाटी लावली. आता शहराची हद्द आमच्या आळीच्या पार मागे, गॅरेजवाल्याच्या शेवटच्या भिंतीपर्यंत. इतकी वर्षं ओढ्याच्या त्या बाजूला शहर आणि या बाजूला आम्ही असं चाललं होतं, ते संपलं. एकतीस घरं एका दिवसात शहरात गेली आणि कुणाला साधी खाटसुद्धा हलवावी लागली नाही.

लोक येऊन माझे हात हातात घेत होते, जसा काही खांब मीच खणून रोवला. शिवणवाली म्हणाली, "तुमचे दीर तिथे आहेत म्हणून झालं हो हे." मी म्हटलं, "अगं, तो कारकून आहे, राजा नाही." पण खरं सांगू? आतून फुलले होते. मी या घरात आले तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास. दादाच्या मागे लपून माझ्याकडे बघत होतास आणि नाक वाहत होतं. मीच पुसलं. आज तेच नाक नगरपालिकेच्या आस्थापना विभागात बसतं.

हे असते तर आज चार माणसांना चहा पाजून आले असते. नगरपालिकेचं पहिलं टेबल यांनीच केलं होतं, ते अजून आहे का रे तिथे? की मोडीत काढलंत?

मी बरी आहे. खुर्च्या विणते आहे. वेत हल्ली लवकर तुटतो, की माझी बोटं जाड झाली, कळत नाही. नळ कधी येणार ते मात्र कळव. रोज सकाळी दोन जण तरी त्यासाठी दारात उभे असतात.

तुझी वहिनी


२० जानेवारी

वहिनी, पायांवर डोकं ठेवतो.

दादाचं टेबल आहे. जन्म-मृत्यू नोंदणीच्या खोलीत आहे, एक पाय हलतो, पण मी काढू दिलं नाही.

मी नोकरीला लागलो तेव्हा नगरपालिका म्हणजे धान्याच्या दुकानावरच्या तीन खोल्या होत्या. एकीत अध्यक्ष, दुसरीत आम्ही पाच जण, तिसरीत झाडू, कंदील, लशीची पेटी आणि जप्त केलेली एक सायकल, जिचा मालक कधी आलाच नाही. बाळाचा दाखला न्यायला कुणी आलं की मोठे साहेब आधी विचारायचे, "आई बरी आहे ना?" आता तीन मजले आहेत, लिफ्ट आहे, चौदा विभाग आहेत. घरोघर जाणारी दवाखान्याची गाडी आहे, वाचनालय आहे, मुलींसाठी शिवणवर्ग आहे. आई बरी आहे का, एवढं विचारायला मात्र आता कुणाला वेळ नसतो. ते चालायचंच. घर मोठं झालं की आतली हाक बाहेर ऐकू जात नाही.

तुमच्या आळीला आधी दिवे, मग दवाखान्याची गाडी, मग नळ. मी स्वतः पाठपुरावा करतो आहे.

आमचं घर टेकडीखालच्या नव्या वसाहतीत पूर्ण होत आलं. मागे सगळी मोकळी जमीन आहे, दिवसभर वारा येतो. तुझ्या जावेने सगळ्या खिडक्या त्याच बाजूला काढायला लावल्या. वास्तव्याला गेलो की तुला चार दिवस घेऊन येतो. तू नाही म्हणायचं नाहीस.

धाकटा


२ एप्रिल

धाकट्या,

दिवे आले. चार आले, तीन लागतात. दवाखान्याची गाडी दर मंगळवारी येते. डॉक्टर तरुण आहे, चांगला आहे, फक्त मला 'आजी' म्हणतो. मी म्हटलं, "तुझ्या आजीने कधी सहा खुर्च्या एका दिवसात विणल्या होत्या का?" तर हसला.

पण हे पत्र दुसऱ्या कामासाठी लिहिते आहे, नीट ऐक.

मागच्या आठवड्यात दोन माणसं टेप घेऊन आली. भिंती मोजल्या, लाल रंगाने खुणा केल्या. माझ्या दाराच्या चौकटीवरही एक खूण केली. तुझ्या दादाने रंध्याने घासून केलेली चौकट आहे ती. विचारलं तर म्हणाले, "सर्व्हे आहे, काकू." काल गॅरेजवाला नगरपालिकेत जाऊन आला. तिथे फळ्यावर शहराचा नवा आराखडा लावलाय म्हणे. त्यात आपली आख्खी आळी तपकिरी रंगाने भरली आहे आणि खाली लिहिलंय, 'घनकचरा प्रक्रिया केंद्रासाठी आरक्षित'. म्हणजे साऱ्या शहराचा कचरा इथे येणार आणि आम्ही जाणार. कुठे जाणार, ते लिहिलेलं नाही. ज्या कुणाची हरकत असेल त्याने तीस एप्रिलच्या आत लेखी द्यावी, एवढंच आहे.

मी गॅरेजवाल्याला म्हटलं, तुला नकाशा वाचता आला नसेल. तो म्हणाला, "मावशी, मला इंजिन वाचता येतं, नकाशा का नाही येणार?"

त्याने चूक वाचलं असं तू लिही. आणि बरोबर वाचलं असेल तर काय करायचं ते लिही. मला या दारातूनच उचलून न्यावं रे, दुसरी काही इच्छा उरलेली नाही.

वहिनी


९ एप्रिल

वहिनी, नमस्कार.

घाबरू नकोस. आराखडा हा मसुदा असतो. मसुद्यात माणसं रंग भरतात आणि पुसतात. हरकती मागवतात त्या त्याचसाठी.

प्रत्येक घराने स्वतंत्र लिहून द्यावं. थोडक्यात लिहावं: कधीपासून राहतो, काय काम करतो, जागा गेली तर काय होईल. आरडाओरडा, मोर्चा असलं काही नको. नगरपालिका आपलीच आहे. आपल्या माणसाशी भांडताना जसा आवाज ठेवतो तसा ठेवावा.

मी आहे.

धाकटा


१७ एप्रिल

धाकट्या,

सोबतच्या पुडक्यात एकतीस अर्ज आहेत. एकही घर सुटलेलं नाही. नऊ जणांना लिहिता येत नाही, त्यांचे मी लिहिले आणि खाली अंगठे घेतले. शिवणवालीने लिहिलंय की तिचं मशीन जमिनीत पक्कं बसवलंय, ते उचललं तर पुन्हा सरळ शिवणार नाही. वाचून हसू नकोस, तिच्या दृष्टीने तेच खरं आहे. आंधळ्या पेटीवाल्याने सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिलं, "या आळीत मी भिंतींना हात न लावता चालतो. दुसरीकडे मला काठी घ्यावी लागेल."

अर्ज कुठे द्यायचे यावरून माझं आणि गॅरेजवाल्याचं वाजलं. तो म्हणत होता, "आपण सगळे मिळून खिडकीवर जाऊ, तिथे देऊ, प्रत्येकाच्या प्रतीवर शिक्का घेऊ." मी म्हटलं, "खिडकीवर कोण ओळखतं तुला? मी माझ्या घरच्या माणसाकडे पाठवते." तो म्हणाला, "मावशी, शिक्का तो शिक्का." मी म्हटलं, "मी ज्याला वाढवलं त्याच्यावर शिक्का मारून घेऊ का आता? मग माझ्या कपाळावरही मार एक." सगळे हसले आणि त्याला गप्प बसवलं. शेवटी त्यानेच पुडकं बांधून दिलं, पण गाठ मारताना तोंड वाकडंच होतं.

तुझ्या घरच्या पत्त्यावर पाठवते आहे. कार्यालयात कुठे कुणाच्या टेबलावर पडून राहील, म्हणून. तीन खोल्यांची नगरपालिका होती तेव्हा हेसुद्धा सगळ्यांचे अर्ज खिशात घालून नेत आणि साहेबांच्या हातात देत. काम होत असे.

मिळाले की कळव. इथे एकतीस घरांचा जीव टांगणीला लागला आहे.

वहिनी


२१ एप्रिल

वहिनी,

पुडकं मिळालं. एकतीस अर्ज मोजून घेतले, सगळे वाचले. पेटीवाल्याचा पुन्हा वाचला. तू लिहिलेले नऊ तर लगेच ओळखू येतात, तुझ्या अक्षराला अजून तशीच उजवीकडे धाव आहे.

घरी पाठवलेस ते बरं केलंस. आता तुम्ही कुणी काही करू नका. खिडकीवर कुणाला पाठवू नकोस, गॅरेजवाल्याला तर मुळीच नको. पुन्हा-पुन्हा अर्ज आले की वरच्यांना वाटतं, कुणीतरी भडकवतंय. मी योग्य वेळी योग्य माणसापुढे ठेवतो. तू निश्चिंत राहा आणि बोटांना तेल लाव.

धाकटा


१४ जून

धाकट्या,

हे तिसरं पत्र. आधीच्या दोन्हींना उत्तर नाही. तू आजारी आहेस का? जावेला तरी चार ओळी लिहायला सांग.

हरकती दिलेल्यांना सुनावणीला बोलावतात असं गॅरेजवाला म्हणतो. तीस एप्रिल उलटून दीड महिना झाला, कुणाला कागद नाही. रोज संध्याकाळी कुणीतरी येऊन माझ्या ओट्यावर बसतं. आधी विचारायचे, "काही आलं का?" आता विचारत नाहीत. नुसते बसतात, माझ्या हातातल्या खुर्चीकडे बघतात आणि उठून जातात. त्यापेक्षा विचारलेलं बरं.

मी सगळ्यांना तुझं एकवीस तारखेचं पत्र वाचून दाखवलं आहे. 'एकतीस अर्ज मोजून घेतले' हे वाक्य शिवणवालीने दोनदा वाचायला लावलं.

तू असशील कामात. पण आमच्याकडे एवढं एकच काम आहे.

वहिनी


२५ जून

वहिनी, नमस्कार.

उत्तराला उशीर झाला, कारण या महिन्यात माझ्यावर कार्यालय अधीक्षकाची जबाबदारी आली. दादा असता तर त्याला बरं वाटलं असतं. आम्ही नव्या घरात राहायलाही आलो.

आराखडा सहा तारखेला मंजूर झाला. सभेच्या इतिवृत्तात नोंद आहे की ओढ्यापलीकडच्या भागातून विहित मुदतीत एकही हरकत प्राप्त झाली नाही. हे ऐकून तुला वाईट वाटेल, म्हणून समजावून सांगतो. हरकत म्हणजे काय? आवक खिडकीवर आलेला, नोंद क्रमांक पडलेला कागद. तुमचे कागद खिडकीवर आलेच नाहीत. ते एका खासगी घरी आले. खासगी घरी आलेल्या कागदाला मी नोंद क्रमांक कुठून देऊ? तुला त्या वेळी गॅरेजवाल्याने सांगितलंही होतं, तूच लिहिलं होतंस. तू ऐकलं नाहीस.

मी कुणाला दोष देत नाही. झालं ते झालं. शहर वाढतं तेव्हा कचराही वाढतो आणि तो कुठेतरी न्यावाच लागतो. साठ हजार माणसं एका बाजूला आणि एकतीस घरं दुसऱ्या बाजूला, असं ठेवून बघ. तू नेहमी दुसऱ्यांचा विचार करत आलीस.

जागा पंधरा ऑगस्टपर्यंत रिकामी करायची आहे. पर्यायी खोल्यांची यादी निघेल.

धाकटा


३ जुलै

धाकट्या,

तुझं पत्र मी ओट्यावर मोठ्याने वाचलं. मधेच थांबता आलं असतं, थांबले नाही. सगळं वाचलं. 'तूच लिहिलं होतंस' हेसुद्धा.

कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. शिवणवाली उठली आणि तिची माझ्याकडे विणायला टाकलेली खुर्ची अर्धवट विणलेली तशीच उचलून घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी बाकीच्यांनीही आपापल्या नेल्या. अकरा खुर्च्या गेल्या. आता ओट्यावर माझ्याशिवाय कुणी बसत नाही. पेटीवाला रोज माझ्या दारावरून जायचा आणि दोन सूर वाजवून जायचा. परवा तो समोरच्या बाजूने गेला, भिंतीला हात लावत. मला टाळायला आंधळ्या माणसाने रस्ता बदलला. एवढं तू मला मिळवून दिलंस.

काल गॅरेजवाला आला, तो एकटाच येतो. नकाशे काढणारा तुमचा माणूस त्याच्याकडे स्कूटर दुरुस्तीला आणतो. त्याने सांगितलं की पहिल्या मसुद्यात तपकिरी रंग आपल्या आळीवर नव्हताच. तो टेकडीखालच्या वसाहतीमागच्या मोकळ्या जमिनीवर होता. जिकडे तुमच्या सगळ्या खिडक्या आहेत तिकडे. फेब्रुवारीत तो रंग तिथून उचलून आमच्यावर आणून ठेवला. तुझ्या टेबलावरूनच नकाशा गेला म्हणे.

एवढंच सांग, खिडक्यांसाठी केलंस की खुर्चीसाठी? की दोन्ही?

एकोणीस तारखेला जिल्ह्याचे अधिकारी तक्रारी ऐकायला येणार आहेत. मी जाणार. तुझं एकवीस एप्रिलचं पत्र घेऊन जाणार. मुदत तीसपर्यंत होती, एकतीस अर्ज नगरपालिकेच्या माणसाच्या हातात एकवीसला होते, हे तुझ्याच अक्षरात आहे. तुझी नोकरी जाईल हे मला कळतं. मी दोन रात्री देवापुढे बसून होते आणि 'मला यातून सोडव' म्हणत होते. त्याने सोडवलं नाही. म्हणून तुला आधी कळवते आहे. तू स्वतः उभा राहून खरं बोललास तर मी पत्र काढणार नाही. घरी घेऊन येईन आणि चुलीत घालीन.

वहिनी


८ जुलै

आदरणीय वहिनी,

हे पत्र कार्यालयातल्या मशीनवर टाईप केलं आहे, कारण हात दुखतो.

आपण ज्या पत्राचा उल्लेख केलात तसं पत्र मला आठवत नाही. तरी तसा एखादा कागद आपल्याजवळ असेल तर तो परत पाठवावा, हे सर्वांच्या हिताचं होईल. माणूस गेल्यावर एकटं राहणाऱ्या बाईचं मन कशावर बसेल सांगता येत नाही. कुणीतरी त्याचा फायदा घेतो. गॅरेजवाल्याचं नगरपालिकेशी जुनं वैर आहे, बाजारातलं त्याचं अतिक्रमण दोनदा काढलं आहे.

एकोणीस तारखेला आपण आलात तर मलाही बोलावं लागेल आणि मी जे बोलेन ते आपल्याला ऐकवणार नाही. माझ्या मुलीचं लग्न ठरत आलं आहे. आपण तिला मांडीवर घेतलं आहे. बाकी आपण सुज्ञ आहात.


२३ जुलै

धाकट्या,

या पत्राची प्रत गॅरेजवाल्याकडे ठेवली आहे. उशिरा का होईना, शिकले.

एकोणीस तारखेला मी गेले. तुमच्या सभागृहात पहिल्यांदा पाऊल टाकलं. खुर्च्या प्लास्टिकच्या आहेत. मला पुढे बोलावलं, मी पत्र काढून दिलं. अधिकाऱ्यांनी चष्मा वर करून वाचलं आणि विचारलं, "खाली 'धाकटा' लिहिलंय. धाकटा म्हणजे कोण, बाई? प्रत्येक घरात एक धाकटा असतो." लोक हसले. मी म्हटलं, "तो काय, तुमच्या उजव्या हाताला बसलाय."

तू उठलास. मला वाटलं, आता बोलेल. मी तुला ओळखते, लहानपणी खोटं बोलताना तुझे कान लाल व्हायचे. मी कानांकडे बघत होते. लाल झाले नाहीत. तू अगदी हळू, आदराने म्हणालास, "साहेब, या माझ्या वहिनी. मला आईसारख्या. भाऊ गेल्यापासून यांचं असंच चाललंय. स्वतःच पत्रं लिहितात, स्वतःच उत्तरं लिहितात. हे अक्षर माझं नाही. आम्ही घरचे समजून घेतो, आपणही घ्यावं." आणि रुमाल काढून डोळे पुसलेस. अधिकाऱ्यांनी माझ्यासाठी पाणी मागवलं. मी नको म्हटलं, तरी ग्लास हातात दिला. जो तो माझ्याकडे बघत होता, आणि त्या बघण्यात राग नव्हता, कीव होती. राग मी सोसला असता. पत्र त्यांनी फाईलला लावून घेतलं, परत दिलं नाही.

जिन्यात तू माझ्यामागून आलास आणि कानाशी म्हणालास, "अध्यक्षांनी दोन नकाशे ठेवले होते, वहिनी. विचारलं, कुठून आवाज कमी होईल? मी तुमच्या आळीचं नाव सांगितलं. तू तिथे होतीस म्हणून सांगितलं. तू सगळ्यांना गप्प ठेवशील हे मला माहीत होतं."

हे मला रोज झोपताना ऐकू येतं. तू माझ्यावर विश्वास ठेवलास, असंच म्हणायचं ना?

आळी मात्र मला आता माफ करू लागली आहे. वेडी म्हणून. शिवणवालीने काल जेवण आणून दिलं आणि माझ्याशी मोठ्याने, एकेक शब्द तोडून बोलली, "जे-व-लात का?" मी म्हटलं, "मला ऐकू येतं गं, वेडी आहे, बहिरी नाही." तर ती रडायला लागली.

वहिनी


२ ऑगस्ट

आदरणीय वहिनी,

आनंदाची बातमी. नगरपालिकेने निराधार वृद्ध महिलांसाठी निवास सुरू केला आहे. शहर वाढताना फक्त रस्ते आणि गटारं वाढवून चालत नाही, माणसांकडेही बघावं लागतं, असं अध्यक्ष उद्घाटनात म्हणाले. पहिल्या यादीत आपलं नाव मी आग्रहाने घालून घेतलं. जवळचा नातेवाईक म्हणून संमतीपत्रावर सही केली आहे, त्यामुळे आपल्याला कुठे खेटे घालावे लागणार नाहीत.

दवाखान्याच्या गाडीचे डॉक्टर मागच्या मंगळवारी आपल्याला तपासून गेले. त्यांनी अहवालात लिहिलं आहे की आज कोणती तारीख, असं विचारल्यावर आपण 'एकवीस एप्रिल' असं उत्तर दिलंत, आणि दुसऱ्यांदा विचारल्यावरही तेच दिलंत. आपण ते कशासाठी म्हणालात ते मला समजतं. पण अहवालात उत्तर लिहितात, कशासाठी ते लिहायला रकाना नाही.

दहा तारखेला सकाळी गाडी येईल. कपड्यांचे तीन जोड, पांघरूण, चष्मा, औषधं एवढंच घ्यावं. वेताचं सामान घेऊ नये. वेत सोलायची सुरी तिथे चालत नाही. घर तसंच उघडं ठेवलं तरी हरकत नाही, नाहीतरी ते उतरवायचंच आहे. चौकट मी काढून आणणार होतो, पण ठेकेदार म्हणाला की लाकूड भिंतीत घट्ट बसलंय, फोडूनच निघेल.

गाडी आल्यावर दार लावून बसू नये, ही विनंती. बरोबर महिला कर्मचारी असतील, पण त्यांना समजूत काढायची सवय नाही.

कार्यालय अधीक्षक


३० ऑगस्ट

प्रिय धाकट्या,

इथे व्यवस्थापिकाबाई प्रत्येक पत्र आधी वाचतात आणि मगच पाकीट बंद करतात, तेव्हा आधीच सांगते की इथे सगळं छान आहे. आम्ही चौदा जणी आहोत. खाटा लोखंडी आहेत. पाणी नळाचं आहे, कधीही सोडावं. दर मंगळवारी तोच डॉक्टर येतो. मी त्याला बरोबर तारीख सांगते, तो कागदावर 'सुधारणा' लिहितो.

काल गॅरेजवाला भेटायला आला होता. नातेवाईक नाही म्हणून आत सोडलं नाही, फाटकातून बोलला. आळीत आता एकही भिंत उभी नाही. शिवणवालीला शहराच्या दुसऱ्या टोकाला खोली मिळाली, चौथ्या मजल्यावर. मशीन वर नेताना जिन्यात पडलं. पेटीवाला कुठे गेला ते कुणालाच माहीत नाही. कचऱ्याची पहिली गाडी बुधवारी आली, फुलांच्या माळा घालून. गॅरेजवाल्याने त्याच्याकडे ठेवलेली माझ्या तेवीस जुलैच्या पत्राची प्रत मला दिली. पण तो गेल्यावर बाईंनी ती मागून घेतली, इथे कागद साठवायची परवानगी नाही. त्या चांगल्या आहेत, म्हणाल्या, मन गुंतून राहतं अशाने.

मुलीचं लग्न ठरल्याचं वाचनालयातून येणाऱ्या पेपरात वाचलं. फोटोत तू जाड दिसतोस. जप.

इथे संध्याकाळी प्रार्थना असते. बाकीच्या बायका आपल्या मुलांसाठी मागतात. मला मूल नाही, म्हणून मी तुझ्यासाठी मागते. म्हणते, देवा, त्याला खूप आयुष्य दे. माझ्यापेक्षा जास्त दे. डोळे गेले, पाय गेले, तरी आयुष्य दे. आणि तेव्हा त्याला सांभाळायला असं कुणीतरी दे, ज्याला त्याने स्वतः लहानाचं मोठं केलं असेल.

बाईंनी हे आत्ताच वाचलं. त्यांचे डोळे भरून आले. म्हणाल्या, "आजी, केवढी माया आहे हो तुमची."

तुझी वहिनी